ताई, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ का?

गुरुपौर्णिमा झाली की ठाण्यात गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नौपाड्यात माझं क्लिनिक आहे, आणि त्या दिवसांत संध्याकाळचे पेशंट आटपून मी एका पथकाच्या सरावाला जाते. खांदे, गुडघे, कंबर, मान. वरच्या थरांचा भार खालच्या पोरांच्या अंगावर कसा उतरतो, हे लांबून बघणाऱ्याला कळत नाही. यंदा पहिल्या थरातल्या एका मुलाने सराव संपल्यावर विचारलं, "ताई, रात्री पोटरीत गोळे येतात. आई म्हणते कॅल्शियम कमी पडलंय. गोळ्या घेऊ का?" मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "पण बारावीला आम्ही शिकलो की कॅल्शियममुळेच स्नायू आखडतो. मग आणखी कॅल्शियम घेऊन तो सुटेल कसा?"

हा प्रश्न मला फार आवडला. पावसात, शिट्ट्यांच्या गोंगाटात मी त्याला थोडक्यात उत्तर दिलं, पण तेवढ्यावर सोडून द्यावं असा हा विषय नाही. स्नायू आवळायला ताकद लागते हे सगळ्यांना माहीत असतं. सैल व्हायलाही ताकद लागते, हे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. तो खर्च कुठे होतो, कोण करतं, आणि ते बिघडलं की माझ्यासमोर टेबलावर झोपलेल्या माणसात काय दिसतं, हे आज सविस्तर लिहिते.

त्या मुलाचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर आहे. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय काढून ते मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचे प्रयोग करत होते. आधीच्या प्रयोगांत ते पाणी नळाचं होतं आणि हृदय छान चालत राहिलं. मग तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलं, तर ठोके मंदावत थांबले. नळाच्या पाण्यात जे होतं आणि शुद्ध पाण्यात जे नव्हतं, ते म्हणजे कॅल्शियम. पुढे १९४७ मध्ये हाइलब्रुन आणि वियेर्चिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायुतंतूंच्या आतच वेगवेगळे क्षार सोडून पाहिले. पेशीत नेहमी सापडणाऱ्या क्षारांपैकी तंतू आखडला तो कॅल्शियमने. आणि १९६० च्या दशकात जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी कॅल्शियम नेमकं कुठे जाऊन बसतं ते शोधलं: ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनावर. स्नायू ओढण्याचं काम ॲक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रथिनं करतात; ट्रोपोनिनवर कॅल्शियम बसलं की ॲक्टिनच्या दोऱ्यावरचं झाकण सरकतं, मायोसिनची डोकी त्याला पकडतात, ओढतात, आणि स्नायू आखूड होतो.

पण हे कॅल्शियम आपण खाल्लेल्या गोळीतून थेट पोटरीत येत नाही. प्रत्येक स्नायुपेशीच्या आत, तंतूंभोवती गुंडाळलेलं पातळ पापुद्र्याच्या पिशव्यांचं एक जाळं असतं. सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम असं त्याचं लांबलचक नाव. मी इथे जाळंच म्हणते. १९०२ मध्ये इटलीतल्या पाव्हियात एमिलिओ वेराट्टी यांनी सूक्ष्मदर्शकातून बघून त्याची सुंदर चित्रं काढली होती, आणि पुढची पन्नास वर्षं त्याकडे जवळजवळ कुणी बघितलं नाही. १९५३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेनेट आणि पोर्टर यांना तेच जाळं पुन्हा दिसलं. स्नायूचं कॅल्शियम तिथे कोंडलेलं असतं. मज्जातंतूचा इशारा आला की जाळ्याची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर सांडतं, आणि स्नायू आवळतो.

आता आकडे बघा. आराम करणाऱ्या स्नायुपेशीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम साधारण ०.१ मायक्रोमोलर असतं. जाळ्याच्या आत ते मिलिमोलरच्या घरात, म्हणजे सुमारे दहा हजारपट. आवळताना पेशीतलं कॅल्शियम दहा ते शंभरपट वाढतं. पेशी इतकी कोरडी का ठेवायची, याचं जे कारण सांगितलं जातं ते मला पटतं: पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम-फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो. हाडात तो हवा, पेशीच्या द्रवात नको. म्हणून कॅल्शियमला आत फार वेळ फिरू देता येत नाही.

म्हणजे कॅल्शियम सांडायला काही खर्च नाही. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे ते आपोआप धावतं. खर्च आहे तो उलट दिशेला, सांडलेलं पुन्हा गोळा करून दहा हजारपट गर्दीत कोंबण्याचा. हे करणाऱ्या प्रथिनाचं आद्याक्षरी नाव सर्का. शास्त्रीय भाषेत कॅल्शियम एटीपीएज, म्हणजे एटीपी हे पेशीचं इंधन मोडून त्या ऊर्जेवर कॅल्शियम ओढणारं विकर (एन्झाइम).

ते सापडलं कसं तेही सांगण्यासारखं आहे. स्नायू कुटून त्यात एटीपी घातलं की तो लगदा आकसतो. १९५१ मध्ये मार्श नावाच्या संशोधकाला दिसलं की स्नायूच्या अर्कात असं काहीतरी आहे जे हे आकसणं रोखतं. त्याला 'रिलॅक्सिंग फॅक्टर' म्हणू लागले. अनेकांना वाटलं, हा एखादा विरघळणारा पदार्थ असणार, हॉर्मोनसारखा. प्रत्यक्षात ते फुटलेल्या जाळ्याचेच बारीक बुडबुडे निघाले. १९६१-६२ च्या सुमारास जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे यांनी, आणि न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ लिपमन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना एबाशी यांनी, दाखवून दिलं की हे बुडबुडे एटीपी खर्चून भोवतालचं कॅल्शियम आत ओढून घेतात. स्नायू सैल करणारा 'पदार्थ' म्हणजे कॅल्शियम काढून नेण्याची क्रिया होती. १९७० मध्ये टोरांटोच्या डेव्हिड मॅक्लेनन यांनी ते विकर शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि १९८५ मध्ये त्याची अमिनो आम्लांची साखळी जनुकावरून वाचली गेली.

झपाट्याने आवळणाऱ्या स्नायूंमधल्या सर्काची साखळी ९९४ अमिनो आम्लांची आहे. तिचा एक भाग जाळ्याच्या पापुद्र्यात रुतलेला असतो: दहा मळसूत्री दांड्या, पापुद्र्याच्या आरपार. बाकी मोठा भाग पेशीच्या द्रवात डोकं काढून असतो, आणि त्या डोक्याचे तीन तुकडे आहेत. एक एटीपी पकडतो, त्याला एन म्हणतात. दुसरा, पी, एटीपीतला फॉस्फेट स्वतःवर घेतो. तिसरा ए, हा हलवणारा. कॅल्शियमची बसायची जागा मात्र यांच्यापासून बरीच दूर, खाली पापुद्र्यातल्या दांड्यांच्या मध्ये आहे. तिथे दोन कॅल्शियम शेजारी-शेजारी बसतात. चौथी, पाचवी, सहावी आणि आठवी दांडी मिळून आपल्या ऑक्सिजन अणूंनी त्यांना घेरतात.

मला यातलं सगळ्यांत आश्चर्य वाटतं ते या अंतराचं. इंधन जळतं एका टोकाला, माल सरकतो दुसऱ्या टोकाला, आणि मधे आहेत फक्त प्रथिनाच्या दांड्या. त्या दांड्या ओढतात, ढकलतात, कलतात. मी दिवसभर माणसांचे सांधे आणि तरफा बघते, त्यामुळे रेणूतही तेच बघताना मला खूप आनंद होतो.

फेरा असा चालतो. सुरुवातीला आतली जागा पेशीच्या द्रवाकडे उघडी असते आणि कॅल्शियमची तिला तीव्र ओढ असते. इतकी की मायक्रोमोलरपेक्षा कमी असलेलं कॅल्शियमही ती टिपते. एकामागून एक दोन कॅल्शियम येऊन बसले की डोक्यातला एन भाग एटीपीसकट झुकून पी भागावर येतो आणि ३५१ व्या क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, ॲस्पार्टेटवर, फॉस्फेट चिकटवतो. त्याच वेळी खालचं दार बंद होतं. आता कॅल्शियम ना इकडचे ना तिकडचे, पूर्ण कोंडलेले. मग मोडलेलं एटीपी, म्हणजे एडीपी, निघून जातं, आणि ए भाग मोठी गिरकी घेतो. तो ज्या दांड्यांना जोडलेला आहे त्या ताणल्या जातात, कॅल्शियमची जागा विस्कटते, तिची ओढ हजारपटींनी सैल पडते, आणि पलीकडचं दार उघडतं. दोन्ही कॅल्शियम जाळ्याच्या आत पडतात. त्यांच्या जागी दोन-तीन प्रोटॉन बसून उलट्या प्रवासाला निघतात. ए भागाच्या टोकाशी असलेला एक छोटा फास पाण्याच्या रेणूला नेमक्या जागी धरतो, पाणी तो फॉस्फेट तोडतं, आणि सगळं पहिल्या अवस्थेला येतं. एका एटीपीमागे दोन कॅल्शियम.

दोन दारं कधीही एका वेळी उघडी नसतात, हा यातला कळीचा मुद्दा. काही सराफांच्या पेढीत असते तशी व्यवस्था: बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडत नाही. दोन्ही एकदम उघडली असती तर दहा हजारपट दाबाने कॅल्शियम परत पेशीत आलं असतं आणि सगळी मेहनत वाया गेली असती.

हे सगळं आपण आज डोळ्यांनी बघू शकतो ते टोकियो विद्यापीठाच्या चिकाशी तोयोशिमा यांच्यामुळे. सशाच्या स्नायूतून सर्का काढून, तिचे स्फटिक करून, २००० साली त्यांनी २.६ ॲंगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ अणूंच्या मापाच्या बारकाव्याने तिची रचना प्रसिद्ध केली. कॅल्शियम बसलेल्या अवस्थेतली. २००२ मध्ये त्यांनीच कॅल्शियम नसलेली अवस्था दाखवली. त्यासाठी विकर एका जागी गोठवून धरावं लागतं, आणि ते करतं थॅप्सिगार्जिन, भूमध्य समुद्राकाठच्या एका रानटी वनस्पतीतलं विष. दोन चित्रं शेजारी ठेवली तर एकच प्रथिन आहे यावर विश्वास बसत नाही, डोक्याचे तिन्ही तुकडे इतके फिरलेले आहेत. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठात पॉल निसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या अवस्था पकडल्या. ऑर्हुस हे नाव या विषयात आधीपासून मोठं: तिथेच येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत सोडियम-पोटॅशियम पंप शोधला, जो सर्काचा जवळचा नातेवाईक आहे, आणि त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. तोयोशिमा आणि निसेन यांना स्फटिकशास्त्रातलं २०१६ चं आमिनोफ पारितोषिक एकत्र मिळालं. यांची नावं आपल्याकडे फिजिओथेरपीच्या वर्गात कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सर्का वेगवान नाही. जाळ्याच्या दारातून, म्हणजे कॅल्शियम सोडणाऱ्या चॅनेलमधून, एका सेकंदाला लाखांच्या घरात कॅल्शियम बाहेर पडू शकतात. सर्काचा एक रेणू सेकंदाला काही दहांनी परत नेतो. मग आपला डोळा मिचकावून क्षणात उघडतो कसा? संख्येच्या जोरावर. झपाट्याने आवळणाऱ्या स्नायूंत जाळ्याचा पापुद्रा सर्काने अक्षरशः खच्चून भरलेला असतो. त्यातलं बहुतेक प्रथिन तीच असते. संथ स्नायूंत ती कमी असते, आणि वेगळ्या जातीची, हृदयात असते ती. म्हणून ते सावकाश सैल होतात.

आता माझ्या टेबलावर येऊ. घोडबंदर रोडवरून एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या. तक्रार अंगदुखीची, पाय जड वाटतात, जिने चढताना मांड्या भरून येतात. कुणीतरी त्यांना वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं. मी तपासताना टाचेच्या वरच्या जाड दोरीवर हॅमर मारला. निरोगी माणसात पाऊल झटकन खाली जातं आणि तितक्याच झटकन परत येतं. त्यांचं पाऊल खाली गेलं ठीक, पण परत यायला वेळ लावला. ते परतणं डोळ्यांनी मोजता येईल इतकं सावकाश होतं. मी त्यांचे पाय हाताने चोळून गरम केले, कारण थंड पायातही स्नायू हळू सुटतो आणि पावसाळ्यात ओल्या चपला घालून आलेल्या माणसाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पुन्हा मारला. तेच. दुसरा पाय, तेच. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला पाठवलं. थायरॉइड बरंच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि काही महिन्यांनी मी पुन्हा हॅमर मारला तेव्हा पाऊल लगेच परत आलं.

हे चिन्ह डॉक्टरांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. रक्ततपासण्या सहज उपलब्ध नव्हत्या तेव्हा थायरॉइड ओळखायला ते वापरत. त्यामागचं मोठं कारण सर्का. थायरॉइडचं हॉर्मोन स्नायूत सर्काचं जनुक चालू ठेवतं. हॉर्मोन कमी पडलं की सर्का कमी बनते, कॅल्शियम उचलायला वेळ लागतो, आणि स्नायू सुटायला रेंगाळतो. मायोसिनही संथ जातीचं बनू लागतं, त्याचाही भाग आहे. पण टाचेवरच्या हॅमरपासून ३५१ व्या ॲस्पार्टेटपर्यंत एक सरळ वाट जाते, आणि तपासताना दर वेळी ती माझ्या मनात असते. आज फिजिओथेरपिस्टच्या बॅगेतला हॅमर कमी निघतो. तो काढा, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना आवर्जून सांगते. तपासायला मिनिटभर लागत नाही.

सर्काच मुळात सदोष असेल तर? तसा एक दुर्मीळ आजार आहे. १९६९ मध्ये अर्विन ब्रोडी यांनी अशा एका माणसाचं वर्णन केलं ज्याचे स्नायू व्यायाम करता करता आखडत जायचे, आणि थोडं थांबलं की सुटायचे. त्यांनी तेव्हाच लिहिलं की यात रिलॅक्सिंग फॅक्टर कमी असावा. जनुकातला दोष १९९६ मध्ये सापडला. अशा माणसाला मुठी आवळल्या की पटकन उघडता येत नाहीत, डोळे घट्ट मिटले की उघडायला वेळ लागतो, आणि थंडीत त्रास वाढतो. कुणाला हे ओळखीचं वाटत असेल, विशेषतः लहानपणापासून असेल, तर मालिश करून घेत बसू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आता खालच्या थराकडे. तिथला मुलगा हात खांद्यांत गुंफून, गुडघे किंचित वाकवून उभा असतो. हलत नाही. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्याने केलेलं काम शून्य, कारण वजन वर गेलं नाही की खाली आलं नाही. पण त्याच्या मांड्या थरथरतात, घाम निथळतो, दम लागतो. कारण स्नायू एकदा आवळून तसाच अडकून राहत नाही. मज्जातंतू सारखे इशारे पाठवत असतात, प्रत्येक इशाऱ्याला कॅल्शियम सांडतं, आणि सर्का ते तेवढ्यात उचलत असते. सांडणं आणि उचलणं एकत्र चालू. असं स्थिर उभं राहताना स्नायू जी ऊर्जा जाळतो तिचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त फक्त कॅल्शियम परत नेण्यात जातो. मायोसिनच्या ओढण्यात नव्हे. हे आमच्या पथकाच्या दादांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं: "म्हणजे वरचा एक्का चढेपर्यंत खालचा नुसता उभा नाहीये." अगदी तेच.

आणि थकल्यावर काय होतं? स्नायूत फॉस्फेट आणि एडीपी साठतं, आम्लता वाढते, सर्काचा वेग मंदावतो. थकलेल्या स्नायूचं एक ठरलेलं लक्षण म्हणजे तो आवळतो कमी जोराने, पण सुटतो त्याहून हळू. म्हणून एका सरावात खालचा थर पुन्हा पुन्हा लावला की शेवटी शेवटी पोरांची पावलं जड पडतात. उतरताना तोल जातो तो तेव्हा. आमच्या पथकात आता खालच्या थरातली मुलं आलटून-पालटून उभी राहतात आणि थर एकदा लावून पुन्हा लावायच्या मध्ये थोडं चालून येतात. मी यासाठी दादांशी बरेच वाद घातले आहेत आणि पुढेही घालीन.

एटीपी पूर्ण संपलं तर काय, हे माझ्या माहेरी, चेंदणी कोळीवाड्यात, बायका रोज हाताने पारखतात. मासा मेल्यावर काही वेळाने ताठ होतो. एटीपी संपल्यामुळे सर्का थांबते, कॅल्शियम जाळ्यातून गळतं, मायोसिन ॲक्टिनला पकडतं, आणि सोडायलाही एटीपीच लागत असल्यामुळे सोडत नाही. ताठ मासा ताजा, कारण हा ताठरपणा पुढे विकरांनी प्रथिनं तुटू लागली की जातो.

आता गोळ्यांचं. पोटरीत रात्री येणारे गोळे बहुतेक वेळा सर्काच्या दोषाने येत नाहीत. ते मज्जातंतूंच्या टोकाकडून येतात: दमलेल्या, आखूड स्थितीत राहिलेल्या स्नायूला मज्जातंतू नको तेव्हा भराभर इशारे पाठवत सुटतो. म्हणून तो गोळा पाऊल वर ओढून ताण दिला की सुटतो. कॅल्शियमची गोळी त्या क्षणी काही करत नाही.

मग कॅल्शियम कमी झाल्यावर हातापायाला पेटके येतात असं डॉक्टर म्हणतात, ते? तेही खरं आहे, आणि इथेच त्या मुलाच्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. रक्तातलं कॅल्शियम आणि जाळ्यातलं कॅल्शियम यांची कामं वेगळी. रक्तातलं कॅल्शियम मज्जातंतूंच्या बाहेरच्या कातडीवर बसून त्यांना शांत ठेवतं. ते खूप घसरलं की मज्जातंतू जरा जरा कारणाने पेटतात, आणि स्नायू आपल्या जाळ्यातल्या भरलेल्या कोठारातून कॅल्शियम सोडून आवळतो. बाहेर कमी, आत भरपूर, आणि तरी पेटका. पथकात हे मी एकदा डोळ्यासमोर पाहिलं आहे. एक लहानगा चढायच्या आधी घाबरून धापा टाकू लागला आणि त्याची बोटं चोचीसारखी वाकडी होऊन आखडली. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून कमी होतं. त्याला बाजूला बसवून, पाठीवर हात ठेवून, सावकाश श्वास सोडायला लावलं, बोटं सुटली. त्याला त्या दिवशी वर चढवलं नाही.

त्या मोठ्या मुलाला मी सांगितलं: रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांकडून तपासून घे, कमी असेल तर ते सांगतील ती गोळी घे, मनाने नको. सरावाआधी आणि झोपण्याआधी पोटऱ्यांना ताण दे. पाणी पी. गोळे वाढले, पायाला सूज आली किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना गाठ.

राहता राहिलं हृदय, आणि माझ्या सकाळच्या बॅचमुळे मला त्याची सर्वांत जास्त काळजी आहे. हृदयविकारानंतर व्यायामाला येणारे माझे पेशंट उपवन तलावाभोवती चालतात. हृदयाला दर ठोक्यानंतर सैल व्हावंच लागतं, नाहीतर पुढचं रक्त आत येणार कुठे? तिथे सर्कावर फॉस्फोलॅम्बन नावाचं ५२ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन लगाम धरून बसलेलं असतं. आपण धावलो, घाबरलो, ॲड्रेनलिन वाढलं की त्या लगामावर फॉस्फेट बसतो, तो सुटतो, आणि सर्का वेगाने कॅल्शियम उचलू लागते. म्हणून ठोके वाढले तरी हृदय वेळेत सैल होऊ शकतं, आणि जाळ्यात जास्त कॅल्शियम भरल्यामुळे पुढचा ठोका जोरातही पडतो.

हृदय निकामी होत जातं तेव्हा त्यातल्या सर्काचं काम घटलेलं आढळतं. तिचं जनुक विषाणूच्या मदतीने थेट हृदयात पोचवण्याचा मोठा प्रयोग माणसांवर झाला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात रुग्णांना फायदा दिसला नाही. मला त्याने फार निराश वाटलं होतं. पण २०१६ मध्ये आणखी एक छोटं प्रथिन सापडलं, जेमतेम चौतीस-पस्तीस अमिनो आम्लांचं, ड्वॉर्फ नावाचं. ते ज्या आरएनएवरून बनतं त्यावरून काहीच बनत नाही असा समज होता. ते फॉस्फोलॅम्बनला बाजूला सारून सर्काला मोकळं करतं. त्यावर काम सुरू आहे आणि मी ते वाचत असते.

तोवर माझ्या हातात व्यायाम आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांना नियमित, टप्प्याटप्प्याने वेग वाढवत धावायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयपेशींत सर्काचं प्रमाण वाढलेलं आणि पेशींचं आकुंचन सुधारलेलं दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी पेशंटना स्पष्ट सांगते. पण उपवनला आमच्या बॅचमध्ये आता सपाट चालीच्या मध्ये थोडं जलद चालणं, मग पुन्हा सावकाश, असे टप्पे ठेवले आहेत. प्रत्येकाच्या हृदयतज्ज्ञाने परवानगी दिल्यावर, नाडी बघत. ज्यांना बॅचला यायचं आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड, ताजा इको आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन आधी क्लिनिकला भेटावं.